बेलीफकाका आणि पिवळा ढीग

सरकारी ट्रकांपुढे काका उभे राहिले त्या दिवशी त्यांना दगड लागला, तो सरकारी माणसाचा नव्हता. आमच्याच गल्लीतून आला होता. भुवईच्या वर लागला. रक्त डोळ्यात उतरलं, तेव्हा त्यांनी सायकलचं हँडल न सोडता कोपराने डोळा पुसला, दगड आला त्या बाजूला मान वळवली आणि शांतपणे म्हणाले, "नेम चांगला आहे गा. कंपनीवाला पळाला तेव्हा काहून नाही दाखवला?"

काका माझे घरमालक. नात्याने कोणी नव्हते. कोर्टात बेलीफ म्हणून नोकरी करून ते रिटायर झाले होते, म्हणून सारी वस्ती त्यांना बेलीफसाहेब म्हणे. कोर्टाचे समन्स आणि हुकूम लोकांच्या दारापर्यंत नेऊन पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. वडील हातमागावर बसत. उमरेडकडचं मूळ घर. मागावर बसायचं नाही एवढंच ठरवून ते शहरात आले आणि जी पहिली सरकारी नोकरी मिळाली तिच्यात शिरले. लोकांच्या शिव्या खाण्याची इतकी सवय झाली होती, की गोड बोलणाऱ्या माणसाचा त्यांना संशय यायचा. भाजीसुद्धा ते बाजारातल्या सगळ्यात तुसड्या बाईकडून घेत. ती वजनात मारत नाही, म्हणत. तिला तेवढं गोड बोलता येत नाही.

मी नरखेडकडची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि खोली शोधत नंदनवन भागाच्या पार टोकाला पोचले. तेव्हा तिथे वस्ती संपायची आणि शेतं सुरू व्हायची. खोली ठीक होती, पण न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. मी म्हटलं, कडी लागल्याशिवाय मी राहायला येणार नाही. काका म्हणाले, आजवर कोणी मागितली नाही. मी विचारलं, आजवर कोण राहत होतं? ते म्हणाले, कोणीच नाही. मग आत वळून काकूंना सांगितलं, "दे हिले खोली. ही भांडते."

त्यांच्या घरात रेडिओ होता आणि बातम्या लागल्या की काका त्याच्याशी बोलत. बाई सांगे, अमुक मंत्र्यांनी आश्वासन दिलं, काका म्हणत, "कधी? कोणापाशी? नाव सांग." बाई पुढच्या बातमीकडे गेली की ते काकूंकडे पाहत, जणू साक्षीदाराने उत्तर टाळलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणत, त्या बाईला पगार वाचायचा मिळतो, तिला काहून छळता. हे रोजचं होतं. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं, नंतर रेडिओ एकटा बोलला तर चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या गल्लीच्या मागे एक बंद कारखाना होता. चामडं कमवायला आणि रंगाच्या कामाला लागणारं कसलंसं रसायन तिथे बनत असे. मी येण्याच्या आधीच मालक एका उन्हाळ्यात मशीन विकून निघून गेला. राहिली पत्र्याची शेड, गंजलेली पिंपं आणि मागच्या आवारात पिवळ्या-हिरव्या मातीचा एक भलामोठा ढीग. रसायन काढून घेतल्यावर उरलेला गाळ होता तो. उन्हाळ्यात त्याची भुकटी उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. पावसाळ्यात त्याच्या पायथ्यातून हळदीसारखं पाणी निघे आणि गल्लीतल्या विहिरींपर्यंत जाई. विहिरीचं पाणी बादलीत नुसतं ठेवलं तरी पिवळसर दिसायचं. लोक ते पिण्यासाठी घेत नसत, पण धुणं-भांडी त्याच्यावरच होती. नळ दूर होता आणि त्याचा भरवसा नव्हता.

काकूंच्या बोटांना त्या पाण्याने भोकं पडली होती. जखमा नव्हेत, भोकं. आरीने कोरल्यासारखी गोल, कडा टणक आणि मध्ये खोल. त्या रात्री खोबरेल लावून फडकं बांधत आणि सकाळी पुन्हा भांड्यांना बसत. शेजारच्या गुरुजींची मुलगी नाकातून रक्त आलं की मान वर करून आमच्या ओट्यावर बसायची. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. शांत माणूस. गल्लीत काकांशी नियमाने बोलणारा तेवढा एकच.

हा ढीग सरकारने उचलावा म्हणून काका कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. मालक सापडत नव्हता आणि जागा कोणाची हे कोणी सांगत नव्हतं. आरोग्यवाले म्हणत हे उद्योगवाल्यांचं काम. उद्योगवाले म्हणत कारखाना बंद म्हणजे आमचा संबंध संपला. काकांची पद्धत एकच होती. कोणत्याही कचेरीत ते बसत नसत. साहेब खुर्ची दाखवी, हे उभेच. एकदा मी सोबत होते तेव्हा विचारलं, पाय दुखत नाहीत का. म्हणाले, "दुखतात. पण बसलं का चहा येते, अन् चहा घेतला का आपल्याले त्याचं पटाले लागते."

तर ते उभे राहत. आवाज चढवत नसत. टेबलासमोर हात मागे बांधून उभे. साहेबाने फाईल वाचावी, फोन घ्यावा, दुसऱ्या माणसाशी बोलावं. मान वर केली की हे समोर. कोणाला तरी ते असह्य होईच. शिपाई त्यांना बाहेर काढायला येत, तेही जुने ओळखीचे निघत, मग सगळे मिळून व्हरांड्यात उभे राहत. हे असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी एका नव्या, तरुण साहेबाने ढीग उचलण्याचा हुकूम काढला.

त्या संध्याकाळी गल्लीने काकांना हार घातला. गुरुजींनी संत्राबर्फी आणली. हार काकांनी लगेच उतरवून सायकलच्या हँडलला अडकवला आणि बर्फीचा तुकडा हातात धरून विचारलं, नेणार कुठी?

कोणी लक्ष दिलं नाही. काकांनी पुन्हा विचारलं. कोणी तरी म्हणालं, नेतील कुठेतरी शहराबाहेर. काका म्हणाले, "शहराबाहेर काय समुद्र आहे?" लोक हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ते ठेकेदाराच्या माणसाला जाऊन भेटले. त्याने काही लपवलं नाही, त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. कुहीकडे मुरमाची एक जुनी खदान आहे, रिकामी पडलेली, तिच्यात टाकायचं. माझ्या सुट्टीच्या दिवशी काका मला म्हणाले, चाल येतेस का. आम्ही एसटीने गेलो आणि पुढे धानाच्या बांधांवरून चालत.

खदान गावाला लागूनच होती. तळाला पाणी होतं. एक म्हातारी तिथे म्हैस घेऊन आली होती. काका नोकरीत असताना कागद घेऊन त्या गावात आलेले होते. म्हातारीने त्यांना ओळखलं नाही, यांनी सांगितलंही नाही. काकांनी विचारलं, पावसाळ्यात हिचं पाणी कुठे जाते. तिने हाताने खालची सगळी धानाची बंधी दाखवली. खदान भरली की पाणी आपोआप शेतात उतरते, म्हणाली, आम्हाला तिचा मोठा आधार आहे. मग आम्ही उन्हातून आलो म्हणून तिने घरी नेऊन गुळाचा खडा आणि पाणी दिलं. काकांनी तांब्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

घरी आल्यावर बातम्या लागल्या, पण काकांनी त्या दिवशी रेडिओला एकही प्रश्न विचारला नाही.

मग देवळाच्या ओट्यावर गल्ली जमली. काकांनी जे पाहिलं ते सांगितलं, म्हणाले की ढीग तिकडे जाऊ द्यायचा नाही. सरकारने तो नीट बंदिस्त करावा, इथे करावा नाहीतर कोणाचं पाणी नाही अशा जागी करावा, पण दुसऱ्याच्या शेतात ओतू नये. मला वाटतं त्यांना खरोखर वाटलं होतं की लोक हे ऐकून त्यांच्या बाजूने उभे राहतील. सगळे एकदम बोलू लागले. इतकी वर्षं तुम्हीच भांडलात आणि आता तुम्हीच अडवता, असं कोणी म्हणालं. तिकडचे लोक तिकडचं पाहतील, असंही. शेवटी गुरुजी उठले. ते म्हणाले, "बेलीफसाहेब, तुमच्या घरी लेकरू नाही. म्हणून तुम्हाला हे सुचते."

काकू बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, उठल्या आणि घरी गेल्या. काका थोडा वेळ उभेच राहिले. गुरुजी चुकीचं बोलले असं मला तेव्हाही म्हणता आलं नसतं आणि आजही येत नाही. त्यांच्या मुलीच्या फ्रॉकवरचे रक्ताचे डाग मी पाहिले होते.

घरी काकूंनी फडकी सोडली आणि दोन्ही हात काकांच्या समोर जमिनीवर पसरले. "ह्याच्याकडं पाहून सांगा," म्हणाल्या, "मंग जा ट्रक अडवाले."

काका बघत राहिले. मग म्हणाले, "हे दुसरीच्या हाताले झालं तं तुह्ये बरे होतीन का वं?"

काकूंनी हात उचलून घेतले. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढत, पाणी ठेवत, पण शब्द नाही. घरात रेडिओ तेवढा बोलायचा.

ट्रक आले ती सकाळ. तोंडाला फडकी बांधलेले मजूर, तरुण साहेब, पोलिसांची गाडी. काकांनी सायकल कारखान्याच्या फाटकात आडवी लावली आणि तिच्यामागे उभे राहिले. साहेब समजुतीने बोलला. त्याचं म्हणणं असं, की ही तुमचीच मागणी होती, तुमच्यामुळेच मंजुरी आली. काका म्हणाले, मी ढीग काढा म्हटलं होतं, ढीग पोचवा नव्हतं म्हटलं. पोचवण्याचं काम मी आयुष्यभर केलं आहे, आता नाही करत. साहेब म्हणाला, त्या गावातून एकही तक्रार नाही. काका म्हणाले, तक्रार यायला त्यांना आधी सांगावं लागते.

तेवढ्यात तो दगड आला.

गर्दी मागे सरली. आपण काय केलं हे बहुधा मारणाऱ्यालाही कळलं असावं. मग काकू घरातून निघाल्या. लोकांनी वाट दिली. त्यांनी पदराने काकांच्या डोळ्यावरचं रक्त टिपलं आणि चला म्हणाल्या. काका हलले नाहीत. काकू पुन्हा म्हणाल्या, चला. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला, सायकलच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि फडकं बांधलेल्या हाताने तिचं सीट धरलं. साहेबाला म्हणाल्या, "ह्यांचं डोकं फिरलं आहे साहेब. मले ह्यांचं पटत नाही. पण गाडी गेली तं आमच्या दोघांवरून जाईल."

पोलिसांनी दोघांना उचलून गाडीत बसवलं. सायकलही ठाण्यात गेली. मी ठाण्याबाहेर जाऊन थांबले. दुपारी माझी ड्यूटी होती, ती मी चुकवली. आत काकू दिसत होत्या, बाकावर; काका त्यांच्या शेजारी उभे. ट्रक भरून निघून गेले होते. सगळं संपलं असं समजून मी तिथे रडत बसले होते, हे खरं आहे.

दुपार कलली आणि ठाण्यात एकदम धावपळ झाली. ट्रक परत येत होते, भरलेलेच. खदानीच्या रस्त्यावर सगळं गाव उतरलं होतं. बाया विळे घेऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे ती म्हातारी, म्हशीसकट. ठाणेदाराने काकांना विचारलं, त्यांना कोणी सांगितलं. काका म्हणाले, मी. आदल्या दिवशी ते एकटेच एसटीने जाऊन आले होते. भाजी आणायला जातो म्हणून सांगून निघाले होते आणि पिशवीत भाजी घेऊनच परत आले होते, त्यामुळे आम्हा कोणाला शंका आली नव्हती. "घरोघरी गेलो," ते म्हणाले. "आदत आहे ना." ठाणेदार हसला आणि मग हसणं आवरून कागद लिहायला बसला.

ट्रकांनी माल होता तिथेच आणून ओतला. ढीग आता मोकळा, भुसभुशीत झाला होता आणि वारा आला की पूर्वीपेक्षा जास्त उडायचा. गल्लीने काकांशी बोलणं टाकलं. दूधवाल्याने घर वगळलं. काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. आणखी एक पावसाळा सगळ्यांना तसाच काढावा लागला, आणि त्या पावसाळ्यात गुरुजींनी घर विकून मुलीला घेऊन दुसऱ्या बाजूच्या वस्तीत जायचं ठरवलं. त्यांचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काका बाहेर आले आणि लोखंडी कपाटाची एक बाजू धरली. गुरुजींनी धरू दिली. कपाट चढलं. टेम्पो गेल्यावर काका बराच वेळ गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना वाईट वाटत नसे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते पाहायला हवं होतं.

पण विळे घेतलेल्या बायांची गोष्ट पेपरात आली होती आणि ती मिटेना. मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांच्यासमोर काका पुन्हा उभे. या वेळी म्हातारी बाजूला, तीही उभी. शेवटी असं ठरलं की ढीग तिथेच आवारात खोल खड्ड्यात उतरवायचा. तळाला आणि बाजूंना चिकणमाती ठोकून सिमेंटचा थर द्यायचा, वरून झाकायचं आणि भोवती पक्की भिंत बांधायची. विहिरी बुजवल्या आणि गल्लीला नळ दिला. नळाला पाणी आलं त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्या बादल्या भरल्या, कोणी काकांकडे पाहिलं नाही. काकूंच्या बोटांची भोकं हळूहळू भरली, व्रण राहिले. मी एकदा काकांना म्हटलं, त्या गावचे लोक निदान तुमचं नाव घेत असतील. ते माझ्यावर चिडले. म्हणाले, त्यांच्या दारात विष नाही टाकलं याचे त्यांनी आभार मानायचे का.

मग माझं लग्न झालं आणि मी धंतोलीकडे राहायला गेले. अधूनमधून जात असे. काही वर्षांनी त्या झाकलेल्या जागेवर बाग करायचं निघालं. माती टाकली, हिरवळ लावली, झोपाळे आणले, भिंतीवर फुलं रंगवली. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की बाग करा, पण खाली काय आहे ते लिहा. उद्या कोणी बोअर मारेल, पाया खणेल, त्याला कसं कळणार? कचेरीतून उत्तर आलं की असं लिहिलं तर बागेत येणार कोण. तेव्हा काकांनी लाल रंगाचा डबा आणला आणि रंगवलेल्या फुलांवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: खाली विष आहे. खणू नका. महिन्याभरात त्यावर चुना मारला गेला. काकांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा चुना. पेन्शनमधून रंगाचे डबे येत राहिले. वस्तीत नव्याने आलेली माणसं त्यांना वेडा म्हणत, आणि काका तेही गोड बोलण्यापेक्षा बरं मानत.

ते गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं कमी पडतील अशी मला भीती वाटली होती. कुहीकडून, खदानीच्या गावातून, एक जीप भरून आली. कोणी पाठवली, मी विचारलं नाही.

तेरावं झालं आणि कचेरीने भिंत पुन्हा पांढरी केली. या वेळी चुन्याचे दोन हात मारले होते, एकदाचं कायमचं संपवण्यासाठी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले, तर लांबूनच भिंतीवरचा लाल रंग दिसला. जवळ गेले. अक्षर काकांचं नव्हतं. काकांचं कोर्टातलं, सरळ, घोटीव. हे वाकडंतिकडं, ओळ चढत गेलेली, 'विष' शब्द एवढा मोठा की पुढचा 'आहे' कसाबसा मावला होता. काकू चौथीच शिकल्या होत्या. भिंतीपाशी त्या स्टूलावर चढून 'खणू नका' लिहीत होत्या आणि खाली कचेरीचा माणूस चुन्याची बादली घेऊन उभा होता. तो अवघडून म्हणत होता, आजी, उतरा, मला वरून हुकूम आहे, मी हे पुसणार.

काकूंनी ब्रश डब्यात बुडवला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"पूस बाप्पा," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ रंग पुष्कळ आहे."